बाबा, हात लावू नका

आमच्या बाबांना इंग्रजीतला एकच शब्द ओळखता येत असे, तो म्हणजे 'वॉर्निंग'. नारपोलीच्या ज्या कारखान्यात ते बिघडलेले लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, दुरुस्त करत, तिथे मोटारीच्या वर लाल पाटीवर तो लिहिलेला होता. त्यातली अक्षरं त्यांना सुटी वाचता येत नसत. ओळखीचा माणूस लांबून चालीवरून ओळखावा, तसा तो शब्द ते आकारावरून ओळखत. ही गोष्ट मी वेळीच ध्यानात घेतली असती, तर माझ्या थोरल्या बहिणीच्या, सुनंदाताईच्या, क्लासचं उद्घाटन अंधारात झालं नसतं.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. ताईने टेमघरच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, मुलींसाठी कॉम्प्युटरचा क्लास काढायचं ठरवलं होतं. शाळेतली नोकरी सोडून. नारपोलीतल्या मुलींच्या आयांना तिने घरोघर जाऊन बोलावलं होतं आणि त्या सगळ्यांची अट एकच होती: आमच्या पोरीचं नाव मराठीत छापून दाखवा, मग बघू. ताईचीही एक अट होती. "मराठी सॉफ्टवेअरची बाजारातली चोरीची कॉपी मी घालणार नाही. मुलींना पहिल्याच दिवशी चोरी शिकवू का?"

तेव्हा मी पुढे सरसावलो. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि घरातला कॉम्प्युटरतज्ज्ञ होतो (ही नेमणूक मीच केली होती). मराठी टाइप करायचं एक सॉफ्टवेअर मी स्वतः लिहिलं होतं आणि अख्ख्या जगाला फुकट देऊन टाकलं होतं. जगाने ते अजून घेतलं नव्हतं. कारण ते तयार मिळत नसे. मूळ कोड उतरवून घ्यायचा, मग आपल्या मशीनवर तो कंपाइल करायचा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम बनवून घ्यायचा, आणि त्यासाठी दुसऱ्या चार गोष्टी आधी कंपाइल करायच्या.

बाबांना मी समजावलं, "म्हणजे कापड मिळत नाही बाबा, सूत मिळतं. विणायचं आपण."

"बराय की," बाबा म्हणाले. "सूत डोळ्यानं बघितलं की कापडावर भरोसा ऱ्हातो."

शनिवारी सकाळी मी काम सुरू केलं. पडद्यावर ओळी सरसर वर जाऊ लागल्या. आमच्या जुन्या मशीनला अर्धा दिवस लागणार होता आणि मला फाँटची एक सीडी आणायला कल्याणला जायचं होतं. मी बाबांना खुर्ची दिली. "नुसतं लक्ष ठेवा."

"अडलं तर कळंल कसं?"

"कळेल," मी म्हणालो आणि बस पकडली.

परत आलो तेव्हा पडदा काळा होता आणि बाबा हातपाय धुऊन समाधानाने चहा पीत होते. पडद्यावर 'वॉर्निंग' आलं, तशी त्यांनी मेन स्विच पाडला होता. हयातभर त्यांनी हेच केलं होतं. धागा तुटला की आधी लूम बंद, मग शेठ, मग बाकीचं जग.

"बाबा, ही वॉर्निंग तशी नसते. ती येते आणि जाते."

"मंग लिवतात कशाला?"

मशीन चालू करून पाहिलं, तर हार्ड डिस्कवरचं निम्मं काही सापडेना. ताई दारात उभी राहून ऐकत होती. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "उद्या अकरा वाजता येतायत त्या."

मग मला शहाणपण सुचलं. चूक बाबांची नव्हती, ताईचीही नव्हती. चूक वापरणाऱ्याला अवघड वाटेल असं सॉफ्टवेअर देणाऱ्याची होती. (ती माझीच होती, पण तत्त्व म्हणून ती मोठी वाटली.) मी सगळं पुन्हा बसवलं आणि एक स्क्रिप्ट लिहिली. एकच आज्ञा द्यायची, पुढचं सगळं तिने आपोआप करायचं. प्रत्येक टप्प्याआधी पडद्यावर एक ओळ येईल अशीही सोय केली. मराठी अक्षरं अजून बसायची होती, म्हणून ती इंग्रजी अक्षरांत लिहिली: बाबा, हात लावू नका.

रविवारी पहाटे ते सुरू केलं. अकरा वाजता मी बुद्धविहारातून खुर्च्या आणायला गेलो. खुर्च्या डोक्यावर घेऊन दारात आलो, तर मशीनवर ऊन येऊ नये म्हणून खिडक्या लावलेली खोली बायकांनी भरलेली, ताईच्या हातात कात्री, आणि पडद्यावर शेवटचा टप्पा चाललेला. तेवढ्यात वॉर्निंग आली. बाबा उठले. इस्त्रीचा सदरा सावरत, पाहुण्यांना वाट द्यायला सांगत, ते शांतपणे मेनपाशी गेले आणि त्यांनी खटका पाडला. पंखा थांबला, दिवा गेला, क्लास गेला. ताईचे डोळे भरले होते, आणि माझ्या डोक्यावर खुर्च्या असल्यामुळे मला कपाळावर हातही मारता येईना.

पुढे बसलेल्या काशीबाई जन्मभर लूमसाठी सुताच्या कांड्या भरत आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "धागा तुटला काय हो?"

"व्हय," बाबा म्हणाले. "खोट कापडात जायच्या आधी बंद केली."

काशीबाईंनी मान डोलावली. "आमचा शेठ बंद करू देत न्हाय. म्हनतो, चालू दे, दिवाळीला बघू." मग त्या ताईकडे वळल्या. "बाई, पोरीचं नाव छापा सवडीनं. मी तिला घालते हितं. मशीन बंद कशी करायची ते आधी शिकवतात, तिथं पोरीला भ्या न्हाय."

त्यांच्यामागोमाग बाकीच्यांनीही नावं सांगितली. ताईने अंधारातच फीत कापली. पुढच्या आठवड्यात नावं छापून झाली, आणि काशीबाईंनी मुलीचं नाव चपात्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं.

ती स्क्रिप्ट मी जगालाही देऊन टाकली. काही महिन्यांनी चक्क परदेशातून एका अनोळखी माणसाचा ईमेल आला. त्याने नम्रपणे लिहिलं होतं की सगळं बसवलं, पण तुमची स्क्रिप्ट वारंवार जे 'बाबा' नावाचं सॉफ्टवेअर मागते ते कुठेच मिळत नाही, कृपया पत्ता कळवावा.

मी तो बाबांना अभिमानाने वाचून दाखवला. त्यांनी ती ओळ पडद्यावर दाखवायला सांगितली. चष्मा पुसून पाहिली.

"हे काय लिवलंय?"

"बाबा, हात लावू नका."

"मंग मराठीत लिवायचं की," बाबा म्हणाले.

मराठी वाचता यावं म्हणून मी केलेल्या त्या सॉफ्टवेअरमध्ये मराठीत एकही ओळ नाही, हे तोवर फक्त माझ्याच लक्षात आलं नव्हतं.