चिकाचा डाग

केळीचा चीक कापडाला लागला की लागलाच. म्हणून घड कापायच्या दिवसांत आमच्याकडे सगळे जुनेपाने कपडे घालतात. माझी लेक मात्र हटकून चांगला फ्रॉक घालून बागेत पळायची. मी तिच्यावर किती ओरडले असेन, देव जाणे!

त्या वर्षी तिला ताप येऊन गेला, साधाच, व्हायरल. उतरला तसा मीही विसरले. मग एका दुपारी ती बागेतून आली. केळीच्या बागेतली दुपार हिरवी आणि पेंगुळलेली असते, तिथून आलेलं माणूसही जरा झोपेतच असतं. तिच्या हातापायांवर काळपट-जांभळे ठिपके होते. मी लिंबू घेऊन घासायला बसले.

"केळीना चीक शे तो, काय घाबरस," माझे सासरे, आबा म्हणाले.

घाबरतंय कोण! मी गुणगुणत घासत होते, ती पेंगत होती. ठिपके जाईनात. फ्रॉक काढला तर पोटावरही तेच. आणि फ्रॉक? कोरा करकरीत. अगं बाई! माझ्या हातातलं लिंबूच पडलं. तेवढ्यात तिच्या नाकातून रक्त आलं.

जळगावपर्यंतचा रस्ता मला आठवतच नाही. आठवतात त्या खिडकीबाहेर मागे मागे जाणाऱ्या केळी आणि मांडीवरचं तिचं जड डोकं. डॉक्टर म्हणाले, तापाशी लढायला उठलेलं शरीर आता स्वतःच्याच प्लेटलेट मारतंय, त्या नसल्या तर रक्त थांबत नाही. डोक्यात रक्तस्राव व्हायची भीती होती. मी सलाइनच्या थेंबांकडे बघत बसले. मधेच वाटायचं, आपण बागेतच आहोत आणि हे ठिबकचं पाणी पडतंय.

औषध लागू पडलं, पण कित्येक महिने मी तिला पळू दिलं नाही. रोज आंघोळीला तिचं अंगन् अंग न्याहाळायचे. शेवटी डॉक्टरच म्हणाले, आता खेळू द्या.

त्याच आठवड्यात घड कापायला सुरुवात झाली. संध्याकाळी ती दारात येऊन उभी राहिली. मनगटावर काळा डाग. मी धावत जाऊन तिचं मनगट उजेडात धरलं.

"आई, ओरडू नको हं," म्हणत तिने मुठीत लपवलेली फ्रॉकची कड पुढे केली. नव्याकोऱ्या फ्रॉकवर हा एवढा काळा डाग! मी तिला उराशी धरून हमसून हमसून रडले. बिचारी घाबरली.

"धुतल्यावर जाईल ना गं?"

"नाही जायचा," मी म्हटलं, "कध्धीच नाही जायचा."