अक्कांनी स्वतःवर घेतलेली चूक

अक्का गेल्या त्याला आता काही आठवडे झाले. शोकसभेत सगळे बोलले. मी घसा बसल्याचं सांगून गप्प राहिलो. घसा ठणठणीत होता. पण जे मी आजवर कुणालाच, अगदी बायकोलाही, सांगितलेलं नाही ते वगळून अक्कांबद्दल बोलणं मला जमेना. आमच्या वॉर्डात एका मुलीचा डोळा गेला, तो माझ्यामुळे. अक्कांनी ती चूक स्वतःवर घेतली आणि मी घेऊ दिली.

डॉ. कावेरी जाधव बंगळूरच्या जुन्या मराठी घरातल्या, मुलांच्या वॉर्डाच्या प्रमुख, पण पोरांच्या आयांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांच्या अक्का. मी निपाणीहून आलेला नवा डॉक्टर. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काय रे निपाणीकर, तुझं मराठी कडक इस्त्रीचं दिसतंय. इथं स्वल्प चुरगळेल हं, रडू नकोस." त्याच सुमारास बालआरोग्य शिकवायला परदेशी तज्ज्ञ येऊ लागले होते, ब्रह्मदेश, सिलोन, कुठून कुठून डॉक्टर शिकायला जमत. अक्कांचा पहिला धडा ठरलेला. सगळ्यांना आयांशेजारी जमिनीवर बसवायचं, हातात नाचणीच्या गंजीची, म्हणजे पातळ पेजेची, वाटी द्यायची आणि मांडीवर एक किरकिरं मूल. एका उंचनिंच प्राध्यापकांच्या टायवर सगळी गंजी सांडली, तेव्हा अक्का इंग्रजीत म्हणाल्या, "साहेब, मुलानं तुम्हाला नापास केलं. उद्या परत बसा." सगळ्यांत जास्त हसले ते साहेबच. त्यांच्या मनात अक्कांना आपल्या देशात शिकवायला न्यायचं होतं आणि अक्कांनाही जायचं होतं. त्या दिवसांत त्या वॉर्डात गुणगुणत फिरायच्या...

अशातच एका संध्याकाळी आनेकलकडची लक्ष्मम्मा आपल्या गौरीला घेऊन आली. गोवर उतरलेला, पोर वाळलेली, डोळे कोरडे, डाव्या बुबुळावर धूसर ठिपका. जीवनसत्त्व अ नसल्यानं डोळा कसा जातो ते पुस्तकात वाचलं होतं. समोर आता पाहत होतो. अक्का पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेल्या होत्या. त्यांचा दंडक होता, वर्गासाठी औषध थांबायचं नाही. तरी मी सिस्टर मेरीला म्हणालो, "जीवनसत्त्वाचं तेल आणि इंजेक्शन सकाळी, वर्ग झाल्यावर." उपचार न झालेला डोळा साहेबांना दाखवायचा होता. मी शोधलेला. रात्रीतून औषधानं तो ठिपका काही पुसला जाणार नव्हता, औषध देऊनही सकाळी दाखवता आला असता, हेही मला सुचलं नाही.

सकाळी सगळे खाटेभोवती जमले तेव्हा बुबुळ फुटलेलं होतं. कदाचित डोळा तरीही गेला असता. हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की आता ते ऐकू येत नाही. साहेबांनी विचारलं, "औषध केव्हा दिलं?" सिस्टर मेरी माझ्याकडे पाहत राहिली. मी जमिनीकडे. अक्कांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दिलं नाही. वॉर्ड माझा, चूक माझी." त्यांच्या परदेशी जाण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

नंतर व्हरांड्यात मला थांबवून म्हणाल्या, "डोळा गेला हे मी आईला सांगितलंय. का गेला ते तू सांगायचं. साहेबांसमोर तुझ्या जागी उभी राहिले, तिच्यासमोर राहणार नाही. सरी?"

"सरी, अक्का. सांगतो."

गेलो मी. लक्ष्मम्मानं माझे दोन्ही हात धरले आणि उजवा डोळा वाचवला म्हणून डोक्याला लावले... मी तसाच परत आलो.

अक्कांनी मला दूर केलं नाही. पूर्वीसारखंच शिकवलं, पूर्वीसारखीच चेष्टा केली. काही वर्षांनी बाहेरदेशी शिकवायचं बोलावणं परत आलं, तेव्हा त्यांनी माझं नाव पाठवलं. मी नको म्हणालो, तर म्हणाल्या, "डोळे तूच शिकव. तुझ्याइतकं घाबरून कोण शिकवणार?" मी गेलो, शिकवलं, लोकांनी वाखाणलं.

शेवटच्या आजारात हेब्बाळला त्यांच्या भाचीकडे भेटायला गेलो. उशाशी बसल्यावर त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "लक्ष्मम्माला सांगितलंस?"

"नाही, अक्का."

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, जणू नाडी बघताहेत. मग म्हणाल्या, "वाळलायस. जेवून जा." भाचीनं पान वाढलं. मी जेवलो. खाटेवरून त्या माझा घास न् घास बघत होत्या.

हे सगळं मी मराठीत लिहितो आहे. लक्ष्मम्माला मराठी कळत नाही आणि वाचता तर कुठलीच भाषा येत नाही. म्हणजे इथे कबूल करूनही मी आडोशालाच आहे, एवढं मला समजतं. आनेकलला जाऊन तिच्यासमोर बसून, कन्नडमध्ये, गौरीचा डोळा का गेला ते मला तिला सांगायचं आहे. गौरीलाही, ती आता कळत्या वयाची आहे. हे देणं मी अजून दिलेलं नाही.