बर्फकाकांचा आंबा की फणस

भर मे महिन्यात, टळटळीत दुपारी, अंगात जाडजूड लांब बाह्यांची जर्सी घालून केळींना पाणी लावणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आम्ही पाहिलाय. वटार गावातल्या आपल्या केळींच्या वाडीत बर्फकाका असेच असायचे. खाली गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, पाय चिखलात, आणि वर ही लाल-पांढरी जर्सी, पाठीवर हा मोठा आकडा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा न राहवून विचारलं, "काका, उकडत नाही?" तर म्हणाले, "बाय, घाम येतो म्हणून खेळाडू मैदानात जर्सी काढतो काय?" कप्पाळ!

त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते चर्चच्या वहीतच राहिलं असावं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कॅनडात काढली, एका कागदाच्या कारखान्याच्या ऑफिसात. बायको सेसिल तिकडेच वारली. त्यानंतर वर्षभरात काका एकटे गावी परतले आणि पडीक पडलेली बापाची वाडी पुन्हा उभी केली. तिकडून येताना माणसं टीव्ही आणतात, घड्याळं आणतात, सेंटच्या बाटल्या आणतात. काकांनी आणली पत्र्याची एक पेटी, बर्फावरच्या हॉकीपटूंच्या छापील चित्रांनी गच्च भरलेली. पणजोबांच्या काळातले मिशाळ खेळाडू, कालपरवाचे पोरगेले खेळाडू, सगळे एकाच पेटीत. गावानं तेव्हापासून त्यांना बर्फकाका करून टाकलं.

मी त्या घरात शिरले फिलोमुळे. आम्ही तेव्हा नुकतेच एव्हरशाईन वसाहतीत राहायला आलो होतो आणि मी वालीवला एका प्लास्टिकच्या कारखान्यात हिशेब बघायचे. फिलो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. ती बर्फकाकांची पुतणी. एक दिवस म्हणाली, "रविवारी घरी ये, सुकेळी देते." सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, मधासारखी गोड. त्यांच्या आशेनं मी आणि आमचे हे गेलो. सुकेळी मिळाली, पण त्याआधी काकांनी आम्हाला पडवीत बसवून दीड तास आइस हॉकी शिकवली. सहा जणांचा संघ, त्यातला एक गोल अडवणारा गोली, बाकीचे बर्फावर घसरत काठीनं काळी चकती मारतात. मला बर्फ माहीत उसाच्या रसातला. आमचे हे मात्र पहिल्या अर्ध्या तासातच पाघळले. क्रिकेटवेड्या माणसाला कुठलाही खेळ चालतो, फक्त त्यावर वाद घालता आला पाहिजे.

काकांचा आवडता उद्योग म्हणजे टीम पाडणे. सगळ्या काळातले सगळे थोर खेळाडू एकत्र ठेवायचे, दोन कॅप्टननी आपापले संघ निवडायचे आणि मग काका त्या दोन संघांचा सामना तोंडानं खेळवायचे, अगदी धापा टाकत. पण त्या खेळाडूंची नावं आमच्या तोंडात बसेनात. दोन रविवार काकांनी सहन केलं, तिसऱ्या रविवारी म्हणाले, "चला, सगळ्यांचं बारसं करू." मग लाल केसांचा झाला गाजर. रुंद खांद्यांचा, काठी पटाशीसारखी धरणारा झाला सुतार. कुणाशीच न बोलणारा एक गोली होता, तो मौनीबाबा. एकाचं चित्र इतकं गोजिरं होतं की फिलोच्या आईनं त्याला बघताक्षणी जावई म्हटलं. तो म्हणे तिकडचा सर्वात मारकुटा खेळाडू होता. नाव मात्र जावईच राहिलं.

सुरुवातीला काका तिकडच्या पद्धतीनं निवड करायचे. एकदा याची पाळी, एकदा त्याची. पण ज्याची पाळी पहिली तो गाजर उचलायचा आणि दुसरा दिवसभर तोंड फुगवून बसायचा. एकदा आमचे हे असेच रुसले, चांगले चाळिशीचे गृहस्थ! मी वैतागून म्हटलं, "अहो, आम्ही लहानपणी लगोरीला जोड्या पाडायचो तशा पाडा की! सारख्या ताकदीच्या दोघांची जोडी करायची, एकाला आंबा म्हणायचं, एकाला फणस. कॅप्टनला माहीत नाही कोण कोण. तो मागेल तो त्याचा, उरलेला दुसऱ्याचा. भांडण नाही, तंटा नाही."

काका माझ्याकडे बघतच राहिले. आपणही पोरपणी याच अंगणात असंच करायचो हे त्यांना एकदम आठवलं. उठून त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि गदागदा हलवले. "बाय, तिकडे एवढी मोठमोठी डोकी भांडून भांडून थकली, कोणाला हे सुचलं नाय! आणि मी घरचं विसरून त्यांचं शिकत बसलो!"

भांडण नाही असं मी म्हटलं खरं, पण भांडण फक्त अलीकडे सरकलं. आता जोडी सारखी आहे की नाही यावर जुंपायची. शेजारचे पेद्रूमामा यात सगळ्यात हट्टी. बऱ्याच खेळाडूंचे पुढचे दात पडलेले असत. मामा म्हणायचे, "या बोळक्याची जोडी या तरण्या पोराबरोबर? अन्याय आहे!" काकांनी त्यांना समजावलं की हा म्हातारा नाही, पंचविशीचा आहे, चकती लागून दात गेले. "मामा, तिकडे दात पडले की खेळाडू पिकला म्हणायचं." झालं! त्या दिवसापासून मामांनी टोकच गाठलं. बत्तिशी शाबूत दिसली की तो खेळाडू बाद. "हा कडेला बसून होता, बघा ना, एक दात हललेला नाय." तिकडच्या एका महान खेळाडूला, ज्याच्यासाठी म्हणे लोक रात्रभर रांगेत उभे राहायचे, त्याला आमच्या वटारमध्ये वर्षभर कोणी जोडीला घेतलं नाही. काका कपाळाला हात लावायचे, पण पंचांचा निर्णय म्हणून मान्य करायचे.

पंचगिरी काकांच्याही अंगात मुरली होती. बर्फावर कुणी आडदांडपणा केला की त्याला दोन मिनिटं बाजूच्या पेटीत बसवतात. काकांनी ही शिक्षा घरी आणली. पडवीच्या कोपऱ्यात एक मोडकी खुर्ची होती, ती पेटी. दुसऱ्याचं बोलणं तोडलं, पेटीत. शेवटचं सुकेळं न विचारता उचललं, पेटीत. एकदा फादर आले होते, त्यांनी काकांच्या बोलण्यात मध्येच तोंड घातलं. आम्ही सगळे श्वास रोखून. काकांनी अदबीनं मान झुकवली, "फादर, माफ करा, पण दोन मिनिटं," आणि खुर्ची दाखवली. फादर निमूट बसले, बिचारे. मी तर इतक्यांदा बसले की फिलोनं त्या खुर्चीवर माझ्यासाठी उशी शिवून ठेवली.

एवढं हसतंखेळतं घर, पण एक विषय निघाला की काका उठून वाडीत जायचे. तो म्हणजे त्यांचा मुलगा रॉनी. तो कॅनडातच होता. आई गेल्यावर बापानं गावी जायचं ठरवलं तेव्हा तो म्हणाला होता, "मम्मीला इथे मातीत ठेवून तू केळी लावायला चाललास?" काकांनीही काहीबाही सुनावलं. झालं, बोलणं तुटलं ते तुटलंच. नाताळला कार्ड यायचं, त्यावर फक्त सही. हे सगळं मला फिलोनं सांगितलं. आणि आणखी एक सांगितलं. टीम पाडायचा हा खेळ मुळात बापलेकांचा होता. बाहेर बर्फ पडत असायचा, सेसिलकाकू स्वयंपाकघरात, आणि हे दोघं जमिनीवर पालथे पडून चित्रं मांडायचे.

म्हणजे हा माणूस दर रविवारी आम्हा अडाण्यांना घेऊन जे खेळत होता, ते त्याला आमच्याशी खेळायचंच नव्हतं! मला रागही आला, मायाही आली. पुढच्या रविवारी मी सरळ विषय काढला.

"काका, रॉनीला फोन लावा."

"लावून बोलू काय?" काका चित्रं लावता लावता म्हणाले. "सॉरी म्हणू? मी वाडीसाठी सॉरी म्हणणार नाय."

"नका म्हणू. टीम पाडा. आज आमच्या ह्यांचा घसा बसलाय, एक कॅप्टन कमी आहे."

मी दुसऱ्याचं बोलणं तोडलं नव्हतं, तरी त्यांनी मला पेटीत बसायला सांगितलं. मी बसले नाही. इकडे रविवारची सकाळ म्हणजे तिकडे शनिवारची रात्र, पोरगा जागा असणार. फिलोनं नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात कोंबला.

"रॉनी," काका म्हणाले, "डॅड बोलतोय." आणि जर्सीची बाही ओढत बसले. पेद्रूमामा पुटपुटत जप करायला लागले. शेवटी मी काकांना कोपरानं ढोसलं. ते एकदम ओरडले, "आंबा की फणस?"

पलीकडून रॉनीनं काय म्हणून विचारलं असावं. काकांनी भराभरा नियम सांगितले, गावची बोली आणि इंग्रजी यांची खिचडी करून. मग काका आमच्याकडे वळून म्हणाले, "फणस म्हणतो." आम्ही टाळ्या वाजवल्या. फणस म्हणजे सुतार होता. मग रॉनीनं विचारलं असणार की आंबा कोण, कारण काकांनी गाजरचं खरं नाव सांगितलं. आणि त्यानंतर जो आवाज झाला तो रिसीव्हरमधून आम्हा सगळ्यांना ऐकू आला. पोरगा ओरडत होता. इंग्रजीत होतं, पण अर्थ स्वच्छ होता. ही काय जोडी आहे? सुतार आणि गाजर सारखे? डॅड, तुझं डोकं फिरलंय!

"तू तेव्हा जन्मला पण नव्हतास!" काका गरजले. "मी बघितलाय त्याला खेळताना! तू काय बघितलंस, टीव्ही?"

तिकडून पुन्हा आरडाओरडा. इकडून पुन्हा गर्जना. इतकी वर्षं न बोललेले बापलेक साता समुद्रापलीकडून कडाकडा भांडत होते आणि काकांच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मीही रडले. फिलो रडली. आमच्या ह्यांनी बसलेल्या घशानं सुताराची बाजू घेतली, ती कुणी ऐकली नाही. बऱ्याच वेळानं भांडण दमलं. मग काका हळूच म्हणाले, "हो, गरम आहे. नाय रे, सवय झाली मला." आणि आणखी थोड्या वेळानं, "तिच्या तिथे फुलं ठेवतोस ना?" तेव्हा आम्ही सगळे वाडीत निघून गेलो.

त्यानंतर फोन नेमानं व्हायला लागला. दर खेपेला नवी जोडी, नवं भांडण. रविवारी आम्ही गेलो की काका तक्रार करायचे, "पोरगं अगदी हट्टी निघालं," आणि खूश असायचे. दोन वर्षांनी रॉनी नाताळला वटारला आला.

बर्फकाकांना जाऊन आता बराच काळ लोटला. ते गावच्याच मातीत आहेत, रॉनीनं तसंच केलं. आजही आमच्या घरात दुसऱ्याचं बोलणं तोडलं की दोन मिनिटं गप्प बसावं लागतं, माझ्या सुनेनंही हे बिनतक्रार उचललंय. पण काकांची आठवण निघाली की माझ्या डोळ्यांपुढे येते ती त्या नाताळची दुपार.

उंच, बापासारख्याच रुंद कपाळाचा रॉनी पडवीत बसला होता. जेवणं आटोपली होती. कुणीतरी म्हणालं, नुसती चित्रं काय मांडता, आज खराच सामना होऊ दे! काकांना तेवढंच पुरे होतं. पडवीच्या गुळगुळीत कोब्यावर साबणाचं पाणी ओतलं. सगळ्यांच्या पायात जुने मोजे, हातात नारळाच्या झावळ्यांचे दांडे, चकती म्हणून बूटपॉलिशची डबी. दोन टोकांना दोन टोपल्या आडव्या ठेवल्या. कॅप्टन झालो मी आणि पेद्रूमामा. बाकीच्यांनी जोड्या पाडायच्या होत्या. फिलो आणि आमचे हे जोडीनं कानगोष्टी करून आले. शेजारची दोन पोरं आली. मग उरले काका आणि रॉनी.

"चला, तुम्ही दोघं जोडी," मामा म्हणाले. "एक आंबा, एक फणस. या लवकर."

रॉनी हसून बापाकडे कान नेऊ लागला. काका जागचे हलले नाहीत. ज्या माणसानं फादरना पेटीत बसवलं, दात मोजण्याचा कायदासुद्धा मोडला नाही, तो म्हणाला, "नाय. आम्ही जोडी नाय."

"असं कसं? नियम आहे," मामा म्हणाले.

"मामा, जोडी पडली की दोघं दोन बाजूंना जातात. आम्ही दोन बाजूंना लय वर्षं खेळलो." त्यांनी रॉनीचा दंड धरला. "आता एका बाजूला खेळू दे."

रॉनीला सगळे शब्द कळले की नाही कोण जाणे, पण त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, नाकानं सुर्रकन आवाज केला आणि दोघंही मला देऊन टाकले.

आमचा संघ सपाटून हरला. आयुष्य बर्फावर काढलेला रॉनी साबणावर पहिल्याच मिनिटाला आडवा झाला, त्याच्या अंगावर काका. एकमेकांना धरून उठायचे आणि एकमेकांना घेऊन पडायचे. मामांची माणसं डबी टोपलीत सारत होती, मी गोलीच्या जागेवरून बोंबलत होते, "अहो, हात सोडा एकमेकांचा, खेळा!" काका हसून हसून बेजार. म्हणाले, "सोडला तर पडू, बाय!" धरूनही पडतच होते. पण सामना संपला, पडवी वाळली, अंगणात चहा आला, तरी त्या दोघांनी हात सोडला नव्हता.