शेवटचं पदक

एक ते चार कुणी कुणाचं दार वाजवायचं नाही, हा बाबांचा नियम. निवृत्तीनंतर ते धायरीला माझ्याकडे राहायला आले, तेव्हा मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर तोही घेऊन आले. "चोरांनीसुद्धा चारनंतर यावं," असं म्हणायचे. मला तो नियम सोयीचाच होता. सुट्टीच्या दिवशी तेवढे तीन तास मी दार लावून गेम खेळायचे. बाबांना वाटायचं, मीही झोपते.

डोंगर चढायचा गेम होता. सुरुवातीला मी त्यात नुसती भटकायचे. ओढ्याकाठी बसायचं, ढग बघायचे, वाट चुकली तर चुकू द्यायची. मग एकदा अचीव्हमेंटची यादी उघडली आणि घात झाला. अमुक इतकी फुलं गोळा केलीत की पदक, तमुक शिखर गाठलंत की पदक. त्यानंतर ओढ्याकाठी बसणं बंद झालं, कारण बसण्याला पदक नव्हतं. एकेक करत सगळी मिळवली. एकच राहिलं: शेवटचा सुळका एकदाही न पडता चढायचा. मध्ये थांबायची सोय नाही. थांबलात की पहिल्यापासून. खेळताना तळहात घामाने ओले व्हायचे. मजा कधीच संपली होती, उरली होती ती फक्त पडण्याची भीती.

"डोंगरावर जायचं आणि घाम पंख्याखाली गाळायचा. छान!" रात्री मला खेळताना बघून बाबा म्हणायचे.

त्या रविवारी बाबांनी गोळी घेतली आणि अर्धीच पोळी खाऊन ते उठले. गोळीवर नीट खाल्लं नाही तर साखर उतरते, हे मला माहीत होतं, आणि मला ते दिसलंही होतं. पण मी भांडी आवरली आणि खोलीत गेले.

सुळक्याच्या वरच्या टप्प्यावर असताना स्वयंपाकघरात धप्पकन काहीतरी पडलं. पाठोपाठ डबा गडगडला. मांजर असेल, मी स्वतःला सांगितलं. आमच्या चौथ्या मजल्यावर मांजर येत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. बोटं चालूच राहिली. फार तर दहा मिनिटं, मी म्हटलं. मग आणखी एकदा काहीतरी घासल्यासारखा आवाज आला. मी हेडफोन कानावर दाबले.

पदक मिळालं. पडद्यावर सोनेरी झिरमिळ्या उडाल्या. त्या पूर्ण खाली यायच्या आत मी दार उघडून पळाले.

बाबा ओट्याखाली जमिनीवर होते. सदरा घामाने चिंब, हात थरथरत होते, आणि सांडलेल्या साखरेतून चिमूट उचलायला त्यांना जमत नव्हतं. त्यांनी मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. साखरेचं पाणी त्यांच्या ओठांना लावताना निम्मं माझ्याच हातावर सांडलं. घोट घशाखाली उतरतोय की नाही, तेवढंच मी बघत होते. काय कबूल करावं लागेल, हेही तेव्हाच मनात येत होतं, आणि त्याची मला जास्त भीती वाटली.

हळूहळू त्यांची नजर ताळ्यावर आली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीनही वाजले नव्हते.

"हाक मारायची ना हो, बाबा," मी म्हणाले.

"एक ते चार," ते पुटपुटले. मग माझ्या हाताला धरून, अगदी ओशाळून म्हणाले, "तरी झोपमोड केलीच तुझी."

"असू दे," मी म्हणाले.