परब काकांचा झिरो

लॅबमध्ये डेटा जमवायला वर्षं लागतात, किस्से मात्र आपोआप साठतात. आमच्या परळच्या लॅबमध्ये पेपर लिहायला बसलं की दोन ओळी सुचत नाहीत, आणि चहाला उभं राहिलं की तासभर कोणी हलत नाही! त्यातले निम्मे किस्से परब काकांचे.

काका म्हणजे आमचे टेक्निशियन, राहायला लालबागला. आम्ही साबणाच्या वडीएवढी एक डबी बनवतो. लघवीच्या थेंबात एक द्रव्य मिसळायचं आणि त्यावर डबीतला निळा प्रकाश टाकायचा. किडनी कुरकुरत असेल तर थेंब चमकतो, डबी ती चमक मोजते. त्रास जाणवायच्या आधीच कळतं. काकांच्या थोरल्या भावाचं फार उशिरा कळलं होतं, त्यामुळे या डबीवर त्यांचा जीव आमच्यापेक्षा जास्त.

* * *

एकदा पाहुणे आले. आमच्या लॅबप्रमुख मॅडमनी ऑरगॅनिक इलेक्ट्रॉनिक्सवर, म्हणजे प्लास्टिकच्या सर्किटांवर, अर्धा तास स्लाइड्स दाखवल्या. पाहुणे जांभया द्यायला लागले, तसे काका पुढे सरसावले.

"साहेब, हा प्लास्टिकचा दिवा, हा शेजारी प्लास्टिकचा डोळा. दिवा पेटतो, थेंब चमकतो, डोळा बघतो."

"मग डोळ्याला चष्मा नाही का?" पाहुण्यांनी खोचकपणे विचारलं.

"आहे ना! ही पिवळी काच, दिव्याचा निळा उजेड अडवते. नाहीतर डोळा दिव्यानेच दिपेल."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पहिली स्लाइड बदलली.

* * *

या प्लास्टिकच्या दिव्यांना दमट हवा सोसत नाही, आणि परळची हवा तुम्हाला माहीतच आहे. आठवड्यात दिव्यांवर काळे ठिपके! काका घरी हळहळले, तर काकी म्हणाल्या, "माझे पापड वरसभर कुरकुरीत रवतत, आणि तुमचे दिवे आठ दिवसात मरतत?"

सकाळी त्यांचा घट्ट झाकणाचा पापडाचा डबा लॅबमध्ये हजर. आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, दिवे महिनाभर टिकले. आमच्या पेपरच्या आभारात काकींचं नाव आहे. डबा मात्र अजून परत केलेला नाही!

* * *

दसऱ्याला काकांनी सगळ्या यंत्रांची पूजा केली. डबीलाही हळद-कुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर साध्या पाण्याचीसुद्धा किडनी खराब! दोन दिवस सगळं खोलून बसलो. मग उलगडा झाला की निळ्या प्रकाशात हळदही चमकते, आणि चिमूटभर आत गेली होती.

मॅडम ठाकूरद्वारच्या, एरवी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. "काका, पूजा करायची तर कपाटाची करा! या डबीला पुन्हा हळद लागली तर मी प्रोजेक्ट बंद करीन!"

काकांनी कान पकडले.

* * *

डबी जुळवायला रोज एका निरोगी माणसाचा नमुना लागतो. तो मान काकांनी स्वतःहून घेतलेला. त्यांचा आकडा म्हणजे आमचा झिरो. "आलो रे झिरो घेऊन!" म्हणतच ते आत शिरायचे.

होळीच्या सुमारास झिरो वर सरकला. आम्ही आधी हळद शोधली. काकांनी शपथ घेतली. दिवा बदलला, पिवळी काच बदलली, पुड्यासुद्धा नव्या टाकल्या. आकडा वरच. काका स्वतःच म्हणाले, "मशीन फसलं रे आपलं."

तिसऱ्या दिवशी वैतागून मी माझा नमुना लावला. झिरो. मॅडमनी त्यांचा लावला. झिरो. पुन्हा काकांचा लावला. आकडा वर.

मॅडमनी लॅबकोट काढला, पर्स उचलली. "काका, चला. खाली टॅक्सी बघू."

डॉक्टर म्हणाले, अगदी सुरुवात आहे, गोळ्या आणि पथ्यावर आटोक्यात राहील. वर विचारलं, "काहीच त्रास नसताना आलात कसे?" तीन दिवस आम्ही त्या डबीला शिव्या घातल्या होत्या. तिचे उपकार कसे फेडायचे, मला अजून कळलेलं नाही.

* * *

पंधरा दिवसांनी काका कामावर आले. त्याच दुपारी नायगावच्या एका दवाखान्यात डबी दाखवायची होती. ती टेबलावर पुसूनबिसून तयार.

काकांनी खिशातून कागदाची पुडी काढून उघडली. हळद आणि कुंकू. बोटावर जरा हळद घेतली, डबीपाशी गेले आणि थबकले. चोरून मॅडमकडे बघितलं.

मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला.

"एवढीशी काय, काका? चांगला मळवट भरा!"