घडीकाकांचा आडवा हात

घडीकाकांना आमच्या गल्लीत दुसऱ्या नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. त्यांचं धुलाईचं दुकान होतं आणि हाती येईल त्याची घडी घालायची त्यांना सवय होती. वर्तमानपत्र, बसचं तिकीट, शेजाऱ्याचा रुमाल, काही म्हणजे काही सुटायचं नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीची ते इतकी बारीक घडी घालत की औषधवाला ती उघडताना चष्मा पुसून घ्यायचा.

यंत्र बंद करायचं, थंड होऊ द्यायचं आणि मगच नट आवळायचा, असं त्यांनीच मोठ्या अक्षरांत लिहून वाफेच्या इस्त्रीच्या वर लावलं होतं. एका सकाळी नळी सैल झाली. काकांनी उजवा हात वर करून, ती पाटी नाकासमोर असताना, चालू यंत्राच्या नटाला पाना लावला. नळी निसटली आणि वाफेचा झोत थेट काखेत शिरला. दंड, काख आणि छातीची उजवी बाजू चांगलीच भाजली.

तीन आठवडे ते इस्पितळात होते. मांडीची कातडी काढून काखेत लावायची ठरली, तेव्हा काकांनी शल्यविशारदांना एवढंच विचारलं, "रंग जुळेल ना? ठिगळ दिसायला नको."

ठिगळ छान बसलं. मग त्यांच्या खाटेपाशी साच्याबाई आल्या. भाजलेल्या रुग्णांचे हातपाय योग्य स्थितीत धरून ठेवायला स्प्लिंट बनवणं हे त्यांचं काम, म्हणून सगळा वॉर्ड त्यांना साच्याबाई म्हणायचा. त्यांनी प्लास्टिकचा पांढरा पत्रा गरम पाण्याच्या ट्रेमध्ये सोडला. दोन मिनिटांत तो कणकेसारखा मऊ झाला. तो त्यांनी पुसून, जरा निववून काकांच्या बरगडीपासून कोपरापर्यंत दाबून बसवला, कडा बाहेर वळवल्या, निळे पट्टे लावले आणि कोपऱ्यात पेनानं तारीख घातली. पत्रा कडक झाला तेव्हा काकांचा उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा उभारलेला होता.

"कडा सुरेख दुमडल्यात हं," काका म्हणाले. कारागिराला कारागिरी कळते.

"आंघोळ आणि व्यायाम सोडून दिवसरात्र घालायचा," बाई म्हणाल्या. "सहा महिने तरी."

"सहा महिने? बाई, मी दारातून जाऊ कसा?"

"तिरके जा, काका."

काका घरी आले ते तिरकेच. रस्त्याच्या कडेला नुसते उभे राहिले तरी बस थांबायची. पहिल्याच दिवशी तीन थांबल्या, तिसरीच्या ड्रायव्हरनं खाली उतरून त्यांची खरडपट्टी काढली. एका गृहस्थानं पोस्टाचा पत्ता विचारला आणि काकांनी तोंड उघडायच्या आत "आभारी आहे" म्हणून तो हाताच्या दिशेनं चालू लागला. पोस्ट उलट्या बाजूला होतं. बाजारात काकूंनी त्या हाताला न बोलता भाजीची पिशवी अडकवली.

"अहो, मी खुंटी आहे का?"

"रिकामाच तर आहे," काकू म्हणाल्या.

काका मनातून खट्टू झाले. आजवर माणसं त्यांच्याकडे कडक कॉलरसाठी बघत आली होती, आता लहान पोरंसुद्धा हात आडवा करून त्यांच्या मागे चालायची. दुकान काकू सांभाळत होत्या, त्यामुळे दिवसा घरी काका आणि त्यांचा मेव्हणा एवढेच. हा काकूंचा धाकटा भाऊ "भावोजींच्या सेवेला" म्हणून आला होता. सेवा तो बहुतेक आडवं पडून करायचा.

एका दुपारी काकांनी पट्टे सोडले आणि हात अंगाशी घेतला. स्वर्ग! ताण नाही, खाज नाही, दारं सरळ. स्प्लिंट कपाटावर गेला. काकू यायच्या आधी पाच मिनिटं तो अंगावर चढायचा. काकू विचारायच्या, "घातला होता ना?" आणि काका म्हणायचे, "आत्तासुद्धा आहे की." यात खोटं काहीच नव्हतं.

कपाटावरच्या त्या रिकाम्या वस्तूकडे मेव्हण्याचं लक्ष गेलं.

"भावोजी, हा दुपारचा नेऊ का जरा?"

"छत्री आहे का ती?"

"बसमध्ये जागा मिळत नाही हो मला."

काकांनी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं तर हा बहिणीला सगळं सांगणार, हेही त्यांना दिसत होतं. त्यांनी कपाटाकडे पाठ फिरवली.

मेव्हण्याचे सोन्याचे दिवस सुरू झाले. हात आडवा असल्यामुळे त्याला एक नाही, दोन जागा मिळायच्या. रांगेत लोक त्याला पुढे सोडायचे. कसं भाजलं म्हणून कुणी विचारलंच तर तो आगीत शिरून मांजर वाचवल्याची गोष्ट सांगायचा. दुसऱ्या आठवड्यात मांजरीला चार पिल्लं झाली.

तिसऱ्या आठवड्यात तो असाच ऐसपैस बसलेला असताना साच्याबाई बसमध्ये चढल्या. त्यांना बसायला जागा नव्हती. दांडी धरून उभ्या असताना त्यांना समोर स्वतःच्या हाताच्या दुमडलेल्या कडा दिसल्या, स्वतःच्या अक्षरातली तारीख दिसली. शिवाय उजव्या हाताचा स्प्लिंट मागचा पुढे करून डाव्या हाताला लावलेला दिसला.

"फार भाजलं का हो?" बाईंनी गोड आवाजात विचारलं.

"विचारू नका ताई. पाचही पिल्लं वाचली, हे महत्त्वाचं."

"हात खाली येतो?"

"छे! जीव जातो."

"अरेरे. मी भाजलेल्यांच्याच वॉर्डात काम करते. पुढचा थांबा इस्पितळाचा आहे. चला, लगेच तपासते."

मेव्हणा म्हणाला घाई नाही. पण एव्हाना सगळी बस हळहळत होती. दोन आजीबाईंनी त्याला दंडाला धरून उठवलं, कंडक्टरनं वाट करून दिली आणि "सांभाळून हं!" असा एकच गजर झाला. इस्पितळाच्या पायरीवर पोहोचेपर्यंत मेव्हण्यानं मांजर, पिल्लं आणि भावोजी असं सगळं कबूल केलं होतं.

तासाभरात काका हजर झाले. मागोमाग काकू, हातात इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली तशीच. पाणी दोघांपैकी कुणावर मारावं हे त्यांचं ठरत नव्हतं.

"हात वर करा," साच्याबाई म्हणाल्या.

काकांनी जोर लावला. हात निम्म्यावर जाऊन अडकला. काखेत कातडीचा एक जाड दोर ताठ उभा राहिला. काकांनी पुन्हा जोर लावला, ओठ चावला, पण हात तसूभर हलला नाही. काका आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेले दिसले.

बाई रागावल्या नाहीत. स्टूल ओढून समोर बसल्या.

"काका, लोकरीचा स्वेटर उकळत्या पाण्यात पडला तर?"

"आकसतो."

"मग काय करता?"

"कोमट पाण्यात भिजवायचा, हळूहळू ताणायचा, टाचण्या लावून वाळवायचा. घाई केली तर उसवतो." काका सांगत गेले आणि मध्येच थांबले. त्यांनी स्वतःच्या काखेकडे पाहिलं. "म्हणजे हा..."

"भरणारी कातडी सहा महिने, वर्षभर आकसतच असते. हात जवळ घेतला की बरं वाटतं, आणि बरं वाटतं तिथेच तो चिकटून बसतो. मला टाचण्या लावता येत नाहीत, म्हणून हा पत्रा."

"असं आधी सांगायचंत ना, बाई!"

"आधीही सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही माझ्या सूचनापत्रकाची घडी घालत होता."

काम नव्यानं सुरू झालं. दर आठवड्याला बाई पत्रा गरम पाण्यात मऊ करून हात दोन बोटं वर बसवायच्या. घरी तेलानं चोळायचं, मग भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं. तिथे काका एवढे ओरडायचे की वरच्या मजल्यावरची शिकवणी बंद पडली. काकूंनी भावाला शिक्षा ठरवली: भावोजी बाहेर निघाले की त्यानं पुढे चालायचं आणि "बाजूला व्हा, हात येतोय!" असं ओरडायचं. त्याला हे इतकं आवडलं की रस्ता रिकामा असला तरी तो ओरडायचा.

एकदा मात्र घोटाळा झालाच. काका दुकानात गेले, व्यायामासाठी स्प्लिंट काढला आणि सवयीनं इस्त्रीच्या गरम टेबलावर ठेवला. दहा मिनिटांनी पाहतात तर साचा गायब, नुसती सपाट चटई. घामाघूम होऊन त्यांनी साच्याबाईंना फोन लावला.

"बाई, मी यावेळी काही केलं नाही, पण स्प्लिंट झोपला."

"गरम झाला की तो पुन्हा पत्राच होतो, काका. या घेऊन. आणि घडी घालू नका!"

उशीर झाला होता, घडी घालून झाली होती.

आठ महिन्यांनी शेवटची तपासणी झाली. बाईंनी कोनमापक लावला आणि काकांनी डोळे मिटून हात उचलला. तो खांद्याच्या वर गेला, कानाच्या अलीकडे थांबला.

"एकशे साठ," बाई म्हणाल्या.

काकांनी डोळे उघडले. "पूर्ण किती असतात?"

"एकशे ऐंशी."

"मग माझे वीस कुठे गेले?"

"ते राहू देत, काका. त्या विसांचं तुम्हाला काय काम?"

काकांनी बराच विचार केला. "समजा, घरी छत रंगवायचं झालं तर?"

"लग्नाला बत्तीस वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "छताकडे मान वर करून एकदा तरी बघितलंत का?"

काकांनी तिथल्या तिथे मान वर करून वॉर्डाच्या छताकडे बघितलं. मग म्हणाले, "रंग द्यायला झालाय," आणि शर्टाची बटणं उजव्या हातानं लावत बाहेर पडले, सरळ दारातून.