दुसरा मात्सुनागा

चिझुको मात्सुनागा दर सामन्याला तीन गावं ओलांडून यायची, गोलामागच्या स्टँडमध्ये ठरल्या जागी बसायची आणि सामना संपेपर्यंत हातातला टॉवेल पिळत राहायची. टॉवेलवर मोठ्या अक्षरांत फुटबॉल क्लबच्या खेळाडूचं नुसतं आडनाव होतं. तिथेच सगळा घोळ होता.

क्लबात मात्सुनागा दोन. रिकु मात्सुनागा गोल मारायचा, हसला की गालाला खळी पडायची, पोरी वेड्या व्हायच्या. बाजारपेठेत खांबाखांबावर खेळाडूंचे झेंडे लावलेले. त्याचा थेट स्टेशनसमोर. चिझुकोच्या लेकाचा, तोमोयाचा झेंडा बंद पडलेल्या चपलांच्या दुकानापुढे. तो बचावफळीतला, तोही बहुतेक वेळ राखीव खेळाडूंच्या बाकावर. घराबाहेर कुणालाही हाक मारायची ती आडनावानेच, अशी तिथली रीत, त्यामुळे स्टँड 'मात्सुनागा!' गरजला की ती हाक रिकुची, हे ठरलेलंच. आईचं काळीज मात्र दर वेळी फसायचं.

आज हंगामातला शेवटचा सामना. तोमोयाला ठेवायचं की नारळ द्यायचा, ते क्लब या आठवड्यात सांगणार होता. काल फोनवर तो म्हणाला, "आई, उद्या नाही आलीस तरी चालेल." तरी ती आली होती.

"तुमचा मात्सुनागा आज तापलाय हो!" शेजारचे कुवाबारा आजोबा तिच्या टॉवेलकडे बघत म्हणाले. ती कोण, हे तिने त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

"दुसराही आहे ना एक?" तिने हळूच विचारलं.

"तो? तो बाक उबदार ठेवतो! थंडीत तेही लागतंच की कुणीतरी."

आजूबाजूचे हसले, त्यांच्याबरोबर तीही हसली. हसल्याचा तिला स्वतःचाच राग आला.

सामना संपत आला तेव्हा लाउडस्पीकर बोलला, "बदली खेळाडू, मात्सुनागा..." पुढचं नाव गर्जनेत बुडालं. मग गर्जना अडखळली. रिकु तर मैदानातच होता.

"अरेच्चा, हा होय!" कुणीतरी म्हणालं. स्टँडमध्ये सतत वाजणारा ढोलही थांबला. चिझुकोला वाटलं, उठून पळून जावं.

तेवढ्यात समोरच्यांनी मुसंडी मारली. गोलकीपर चुकला, चेंडू गोलात शिरणारच होता, आणि तोमोयाने अंग झोकून तो रेषेवरून बाहेर काढला. स्टँड उसळला, पण ओरडायचं काय? मात्सुनागा म्हणावं तर तो रिकु. ढोलवाला क्षणभर गोंधळला, मग बेंबीच्या देठापासून ओरडला, "तोमोया!"

ढोल दणाणला. "तोमोया! तोमोया!" हजारो तोंडांतून ते नाव येऊ लागलं. आजवर ते तिच्या घराच्या उंबऱ्याबाहेर गेलं नव्हतं.

कुवाबारा आजोबांनी तिला कोपराने ढोसलं. "अहो बाई, गप्प का? तुम्हीही मारा की हाक!"

चिझुकोने तोंड उघडलं. जेवायला बोलावताना सहज निघायचं ते नाव, आज काही केल्या तोंडातून निघेना.